मालकाचा घास

२०२२ सालचा उन्हाळा. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर एक बाई चिमूटभर ढेप जिभेवर ठेवून डोळे मिटून उभी होती. देवळात तीर्थ घेतल्यावर माणूस उभा राहतो ना, तशी. मग तिनं बाजूला थुंकलं, पदरानं ओठ पुसले आणि म्हणाली, "चालते." हे ती मला नाही, पोत्याला म्हणाली.

मी विचारलं, "ढोराचं खाणं कायले चाखतं वो बाई?"

"ढोराचं नाही जी काकाजी. मालकाचं हाय."

"कोणता मालक?"

तिनं हनुवटी उचलून तलाव दाखवला. तिथं तेव्हा गुडघाभर पाणी आणि चार बगळे होते.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी वाटतं, डोकं फिरलेलं आहे. मग काही दिवसांनी आपण त्यांच्या वाटेनं मुद्दाम जायला लागतो, आज काय करून राहिली ते बघायला.

ती आमच्याच गावच्या भोयाची बायको. नवरा सायकलवर मासोळी बांधून दारव्ह्याच्या बाजारात विकायचा. हिनं मात्र बरीच वर्षं यवतमाळजवळ लोहाऱ्याला दाळमिलमध्ये चाळणीवर काम केलेलं. तिथं तिनं एक गोष्ट पाहिली, जी आपण सगळे पाहतो आणि पाहत नाही. तुरीची दाळ निघून जाते, खाली चुरी उरते. सोयाबीनचं तेल जाते, ढेप उरते. सरकीचं तेल जाते, ढेप उरते. ही उरलेली वस्तू आपण बैलापुढं टाकतो आणि विसरून जातो. ही बाई विसरली नाही. गावी परत आली ती या उरल्यासुरल्याची पोती घेऊनच.

गरीब गाय बिलकूल नव्हती ती. उंच, आवाज बाजारात चालेल असा, आणि बढाई मारायला कोणाला ऐकत नसे. "माह्यासारखा मासोळीचा घास अख्ख्या जिल्ह्यात कोणी रांधत नाही," असं ती हापशीवर पाणी भरता भरता सांगायची. मी तिसरी शिकलेला, पण शेतीच्या बाबतीत मला कोणी शिकवायला आलेलं चालत नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, "मी कायले शिकवू? तुमी वावराचे, मी पान्याची."

माझी फजिती झाली ती त्याच उन्हाळ्यात. तिच्या अंगणात बाजेवर धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. आमच्याकडे वाळत्या कुरडईजवळून जाणाऱ्यानं तुकडा मोडला नाही, तर घरच्या बाईला अपमान वाटतो. मी मोडला, तोंडात टाकला. रंग जरा काळपट होता, पण म्हटलं, गहू जुना असेल. चावलं आणि म्हणालो, "मीठ राहून गेलं वो."

ती दारातून म्हणाली, "मालकाले मीठ चालत नाही जी."

तुरीची चुरी, सोयाबीनची ढेप, थोडी सरकीची ढेप, गव्हाचा कोंडा, हे सगळं ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीत शिजवून तिनं कुरडईच्या साच्यातून काढलं होतं. तलावात सोडायच्या बारक्या मासोळ्यांसाठी, म्हणजे तिच्या मालकांसाठी, ते वाळवून चुरून ठेवायचं होतं. ओसरीवरच्या बायका पदर तोंडात घालून हसायला लागल्या. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी थुंकलो नाही. उरलेला तुकडाही खाल्ला, तिथंच उभा राहून, सगळा. आणि म्हटलं, "चांगली हाय."

"मंग मालकाले बी आवडन," ती म्हणाली.

त्या दिवसापासून गावातली पोट्टी मला विचारायची, काकाजी, कुरडई खाल्ली का? मी त्यांच्या बापांना ओळखतो, म्हणून सोडून दिलं.

पावसाळ्याआधी ग्रामसभा झाली. तलाव कोणाला द्यायचा हा प्रश्न होता. बाहेरचा एक ठेकेदार आला होता. तो म्हणत होता की मी कंपनीच्या खाद्याच्या थैल्या आणीन, ढेपीनं मासोळी मरते, सरकीत जहर असते. ही बाई उभी राहिली आणि म्हणाली की सरकीत कडूपण असते हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती थोडीच घालते आणि शिजवून घालते. सोयाबीन कच्चं खाल्लं तर माणसाचंही पोट बिघडते, म्हणून कोणी ते खायचं सोडते का? आम्हाला एक साल द्या.

मी उभा राहिलो. माझं वावर तलावाला लागून आहे, माझी विहीर पाळीपासून हाकेवर आहे, तेव्हा विचारायचा हक्क माझा. मी विचारलं, "अन् तुह्या ढेपीनं मासोळी मेली तर?"

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "माह्या हातच्या घासानं एक जरी मासोळी मेली, तर या तलावाच्या पाळीवर मी पाय ठेवणार नाही."

कोणी लिहून घेतलं नाही. आमच्याकडे भरल्या सभेत बोललेलं लिहून घेत नाहीत, ते सगळ्यांच्या ध्यानात राहते. तलाव तिला एका सालासाठी मिळाला.

पाणी भरलं आणि रोहू, कतला, मिरगळ यांची बोटाएवढी पिल्लं सोडली. पुढं जे तिनं चालवलं ते बघायला मी रोज सकाळी वावरात जरा लवकर जायला लागलो. माझ्या विहिरीवरच्या मोटारीचा डबा त्या बाजूला आहे, म्हणून जात होतो.

पिल्लं मोठी झाल्यावर तिनं कुरडई बंद केली. खताची रिकामी पोती, आमच्याकडच्या चुंगड्या, धुवून घेतल्या, त्यांना बुडाकडून भोकं पाडली, आत भिजवलेला घास भरला आणि पाण्यात रोवलेल्या बांबूंना त्या चुंगड्या अर्ध्या बुडवून बांधल्या. मासोळी खालून तोंड लावून ओढून खाते. घास वाया जात नाही, पाणी नासत नाही. काही वेळानं ती कमरेएवढ्या पाण्यात जायची. "मालकाले इचारतो," म्हणायची आणि चुंगडी उचलून बघायची. रिकामी असली तर, "मालक खूश." अर्धी असली तर, "मालक नाही म्हणले," आणि दुसऱ्या दिवशी घास कमी. एकदा सरकी जरा जास्त पडली तर चुंगड्या तशाच भरलेल्या. आभाळ भरून आलं की घास बंद. नवरा म्हणायचा, अशा दिवसात तर आपल्याला भजे पाहिजे. ती म्हणायची, आभाळ असलं की पाण्यातल्याले जीव घाबरते, भूक मरते. आणि मालकाच्या आधी ती स्वतः घास घेत नसे. हे मी सांगतो कारण मी पाहिलं आहे. तिचा डबा निंबाच्या फांदीला टांगलेला असायचा आणि चुंगड्या तपासून झाल्याशिवाय खाली येत नसे.

दिवाळीच्या आसपास एक दिवस तिनं मला पाळीवरून हाक मारली. या म्हणे, आवाज नका करू. मी गेलो. उन्हं नुकतीच पाण्यावर उतरत होती. बांबू हलत होते. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, आणि बांबू असे थरथरत होते की जसं कोणी खालून धरून हलवते आहे. मग पाणी उघडलं. एक तोंड वर आलं, माझ्या मुठीएवढं, गोल, आणि चुंगडीला भिडलं. त्याच्या मागं दुसरं. मग तर पाणी आणि मासोळी वेगळं दिसेना. खवल्यांवर ऊन पडत होतं आणि सगळी बाजू चमकत होती.

मी साठ वर्षं नांगर धरला. बीतून झाड निघते, याचं नवल मला कधी वाटलं नाही, कारण ते माझ्याच हातचं काम होतं. पण इथं मी उभा राहिलो तो उभाच राहिलो. ही माझ्याच वावरातली तूर. दाळ कोणी तरी दूर शहरात खाल्ली असेल. मागं राहिलेलं फोल, जे फुंकलं तर उडून जाते, त्या फोलाचा खवला झाला होता. माझ्या पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सरकीला डोळा आला होता, कल्ला आला होता, शेपटी आली होती. माझा हात आपोआप टोपीकडं गेला. मग ती बघते आहे हे दिसलं, म्हणून मी डोकं खाजवल्यासारखं केलं.

"काय म्हंता काकाजी?"

"बरं हाय," मी म्हटलं.

ती हसली. तिला कळलं होतं.

आता महाशिवरात्रीचं सांगतो. तलावाचं पाणी आटत आटत एकराभरात आलं होतं. मासोळी जाळं लावण्याजोगी झाली होती आणि काही दिवसांत जाळं लागणार होतं. तिचा नवरा ढेप आणायला गेला, तर नेहमीच्या दुकानात सरकीची ढेप संपलेली. मग तो रानाकडच्या एका बाजारात गेला आणि तिथल्या तेलघाणीवाल्याला म्हणाला, ढेप दे. आता आमच्या कापसाच्या मुलखात ढेप म्हटलं की सरकीचीच. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. पण त्या बाजूला घाणीवर मोहाच्या बिया पिळतात, आणि तिथं ढेप म्हटलं की मोहाची. यानं ढेप मागितली, त्यानं ढेप दिली. कोणी खोटं बोललं नाही.

मोहाची ढेप म्हणजे मासोळीचं जहर. रानातली माणसं ती डोहात टाकतात, मासोळी गुंगून वर येते आणि हातानं वेचून घेतात. माणसाला त्याचं काही होत नाही, ती मासोळी खाल्ली तरी चालते. पाण्यातल्या जिवाला मात्र श्वास घेता येत नाही.

ही बाई रोज चाखून बघायची. पण त्या दिवशी तिची शिवरात्र. तोंडात अन्न घालायचं नाही. तिनं नाकाला लावून पाहिली. सोयाबीनच्या ढेपीत मिसळली होती, वास दबलेला होता. चुंगड्या बांधल्या आणि ती देवळात गेली.

मी गव्हाला पाणी देत होतो. उशिरा पेरलेला गहू, ओंबीत दाणा भरत होता, शेवटचं पाणी होतं. विजेची लाइन दुपारपर्यंतच राहणार होती. तलावाकडं बगळे का एवढे जमले म्हणून पाहिलं, तर पाण्यावर तोंडंच तोंडं. सगळ्या मासोळ्या वर येऊन तोंड उघडत होत्या, मिटत होत्या. काही कुशीवर झाल्या होत्या. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहून जी हाक दिली ती देवळापर्यंत गेली.

ती धावत आली. हातात बेलाचं पान तसंच होतं. लुगड्यासकट पाण्यात शिरली, पहिली चुंगडी सोडवली, चिमूट काढली आणि जिभेवर ठेवली. सगळ्या गावासमोर, शिवरात्रीला. थुंकली.

"मोहाची हाय," ती म्हणाली. नवरा पाळीवरून सांगायला लागला, मी तर ढेपच मागितली होती.

तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. चुंगड्या उपटून काठावर फेकायला लागली आणि फेकता फेकता मला म्हणाली, "काकाजी, तुमचं पानी इकडं फिरवा."

मी म्हटलं, "गहू ओंबीत हाय."

"गहू उद्या बी पिते. हे नाही पीत."

मी पाइप फिरवला. कोणाच्या सांगण्यावरून पाणी फिरवायची माझ्या घराण्याची रीत नाही. पण त्या वेळी मला रीत आठवली नाही, हे खरं आहे.

विहिरीचं पाणी तलावाच्या एका कोपऱ्यात धबधब पडायला लागलं. तिनं माणसांना बांधावरच्या तुराट्यांचे भारे आणायला लावले. बाया, माणसं, शाळेतली पोट्टी, सगळे पाण्यात. समोरच्या काठानं ओळ धरून तुराट्या पाण्यावर आपटत यायचं, मासोळीला ताज्या पाण्याकडं हाकायचं. मागून नवरा आणि त्याचे भाऊ जाळं ओढत होते, परत फिरू द्यायचं नाही म्हणून. ती मधोमध, छातीएवढ्या पाण्यात. कुशीवर झालेली मासोळी दोन्ही हातांवर घ्यायची आणि पुढं पुढं चालवत न्यायची, जसं तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना धरतात. तोंडानं काही तरी म्हणत होती. मी पाइप धरून उभा होतो, मला ऐकू आलं. ती म्हणत होती, "चाला मालक. चाला. जवळ आलं."

आणि त्या चालल्या. पाइपच्या धारेखाली एवढ्या मासोळ्या जमल्या की खालचं पाणी काळं दिसायला लागलं. त्यांची तोंडं धारेकडं होती, सगळ्यांची, एकाच दिशेनं. हजारो जीव माझ्या हातातल्या पाण्याकडं तोंड करून उभे होते. मी देवाला कमी मानणारा माणूस आहे. त्या दिवशी काय वाटलं ते मला लिहिता येत नाही, आणि ते माझ्या कमी शिक्षणामुळं नाही.

लाइन गेली तोपर्यंत तोंडं पाण्याखाली गेली होती. एक टोपलंभर मासोळी मेली. बाकी सगळी वाचली.

नवरा भीत भीत म्हणाला की ही विकली तर चालते, खाणाऱ्याला काही होत नाही. तिनं पाळीखाली खड्डा खणून ते टोपलं पुरलं. मग मला म्हणाली, जाळं लागेपर्यंत मालकाले उपाशी ठेवता येत नाही, म्हणून तवरोक येतो. कशाबद्दल बोलते आहे ते मला कळलं होतं. मी कळलं नाही असं दाखवलं.

जाळं लागलं तो दिवस गावानं सणासारखा केला. कतला निघाली ती दोन्ही हातांनी धरावी लागे अशी. ठेकेदारही बघायला आला होता आणि लगेच निघून गेला. सरपंच मोठ्यानं म्हणाला की तलाव पुढंही याच बाईचा, कोणाला काही म्हणायचं आहे का? कोणाला नव्हतं.

तिला होतं. तिनं जाळं झटकून घडी केलं, नवऱ्याच्या खांद्यावर ठेवलं आणि पाळ उतरून खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिथून म्हणाली, सभेत बोलली होती ते सगळ्याच्या ध्यानात असन. मी चालली लोहाऱ्याले, दाळमिलवर. सकाळच्या जीपनं.

सगळे एकदम बोलायला लागले. अगं, त्या मोहानं मेल्या, तुह्या घासानं नाही. ढेप तुह्या नवऱ्यानं आणली. शिवरात्र होती, तुहा काय दोष?

"घास कोणाच्या हातचा होता?" तिनं विचारलं.

तेव्हा मी पाळीवरून खाली उतरलो. माझ्या आयुष्यात मी बोललेला शब्द फिरवलेला नाही, गावाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "बाई, सभेत सवाल माहा होता. मी तो वापस घेतो."

ती माझ्याकडं बघून हसली, त्या दिवाळीसारखीच. म्हणाली, "सवाल तुमचा होता जी काकाजी. शबद माहा होता."

तिच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. ती घरी गेली. संध्याकाळी तलावावर ना चुंगड्या होत्या ना बांबू. मी धुऱ्यावरून दोनदा पाहिलं. पाणी नुसतंच पडून होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दिसायला लागल्याबरोबर, मी कुऱ्हाड, दोरी आणि बाभळीच्या चार खुंट्या घेऊन वावरात गेलो. खोलगट भागातला, रस्त्याला लागून असलेला, दाणा बारीक राहिलेला गव्हाचा तुकडा निवडला. तिनं शब्द दिला होता तो गावच्या तलावाचा. माझ्या वावराबद्दल ती काही बोललेली नव्हती, आणि माझ्या वावरात तळं खणायला मला कोणाच्या सभेची गरज नाही. उभ्या गव्हात शिरून मी कोपऱ्याकोपऱ्यात खुंट्या ठोकल्या. जीपच्या थांब्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरानं ठोकल्या. चारी खुंट्यांना दोरी ताणून बांधली, चांगलं मोठं तळं आखलं, आणि रस्त्याकडं तोंड करून मधोमध बसून राहिलो.